विचारून जेवायला लाज कसली?

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशी बांधलेल्या असतात. गवळी समोर बसून धार काढतो आणि फेसाळ दुधाचा ग्लास तसाच तुमच्या हातात देतो. कोल्हापूरकर पिढ्यान्पिढ्या हे धारोष्ण दूध पीत आले आहेत. म्हैस कुणाची, तिला वैरण काय, आज तिनं दूध कमी का दिलं, हे सगळं गिऱ्हाईक उभ्या उभ्या विचारतं आणि गवळीही सांगतो. त्यात कुणाला अपमान वाटत नाही.

हाच प्रकार आता मोठ्या हॉटेलांत इंग्रजी नावानं आला आहे. मेनूकार्डावर ‘फार्म टू टेबल’ असं छापलेलं असतं. म्हणजे शेतातून थेट टेबलावर. भाजी कुठल्या गावची, तांदूळ आजऱ्याचा, गूळ कोल्हापूरचा, कोंबडी कुठल्या फार्मवरची, हे ग्राहकाला सांगायचं आणि त्याची किंमतही घ्यायची. अमेरिकेत या विचाराला मोठं नाव मिळवून दिलं ते अॅलिस वॉटर्स या बाईंनी. 1971 साली त्यांनी कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात ‘शे पानीस’ नावाचं हॉटेल काढलं आणि आसपासच्या शेतकऱ्यांकडून माल घेऊन रोजचा मेनू ठरवायला सुरुवात केली. तिथून ही पद्धत जगभर पसरली. आता ती आपल्या शहरांतल्या पंचतारांकित हॉटेलांपर्यंत आणि तिथल्या स्टेकच्या टेबलापर्यंत आली आहे.

स्टेक म्हणजे फार अनोळखी काही नाही. बिनहाडाच्या मांसाचा जाड, आडवा काप मीठ-मिरी लावून तव्यावर किंवा जाळीवर भाजायचा, एवढंच. आपल्याकडचे पसंदे त्याचेच चुलतभाऊ. आपण काप पातळ करतो, ठेचतो, मऊ व्हायला कच्ची पपई लावतो आणि मसाल्यात मुरवतो. स्टेकमध्ये मसाला जवळजवळ नसतोच, त्यामुळे सगळी भिस्त मांसाच्या प्रतीवर. म्हणूनच जनावर कुठलं, किती वयाचं, कुठला भाग, हे प्रश्न स्टेकच्या बाबतीत रश्श्यापेक्षा जास्त महत्त्वाचे ठरतात.

गेल्या महिन्यात आमच्या भाच्याला पुण्यात नोकरी लागली. पहिल्या पगारातून सगळ्यांना जेवायला न्यायचं असा त्याचा हट्ट. तांबडा-पांढरा नको म्हणाला, तो तर नेहमीचाच. तेव्हा शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात आम्ही सहा जण गेलो. पांढरेशुभ्र रुमाल, टेबलावर चार-चार काटे आणि सुऱ्या. मेनूकार्डावर प्रत्येक भाजीच्या खाली तिच्या गावाचं नाव होतं. पाहून बरं वाटलं. शाळेत भूगोल शिकवताना मुलांना हेच सांगावं लागतं, की दूध पिशवीत तयार होत नाही.

खाली स्टेकची यादी होती. चिकन, लॅम्ब आणि ‘टेंडरलॉइन’. आम्ही वेटरला विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात धाकटीनं टेबलाखालून हात दाबला. हळूच म्हणाली, “अम्मी, नक्को ना पूछो! सब देखरैं.”

ती नववीत आहे. शाळेत हुशार, वक्तृत्वात बक्षीस मिळवणारी. पण ‘हलाल आहे का?’ एवढा प्रश्न भर हॉटेलात विचारायचा म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. तिचा दोष नाही. गेल्या काही वर्षांत या एका शब्दावरून इतका गदारोळ झाला आहे की मोठी माणसंसुद्धा तो उच्चारताना आवाज खाली आणतात. काही जण विचारतच नाहीत, ‘बिस्मिल्लाह’ म्हणून खाऊन टाकतात आणि घरी आल्यावर मन खात बसतं. काही जण सरळ पनीर मागवतात. अनेक वाचक भगिनींनी हे आपल्याही घरात पाहिलं असेल.

शेजारच्या टेबलावर एक जैन कुटुंब होतं. त्या आजी वेटरला मोठ्यानं विचारत होत्या, सूपमध्ये कांदा-लसूण आहे का, बटाटा आहे का, आणि आमचं ताट वेगळ्या भांड्यात करा. वेटर मान डोलावत सगळं लिहून घेत होता. आम्ही धाकटीला तिकडे बघ म्हणून खुणावलं. त्या आजींचा धर्म त्यांच्या ताटापर्यंत आला, त्यात कुणाचं काय बिघडलं? श्रावणात अर्धं कोल्हापूर हॉटेलात शिरताना ‘भांडी वेगळी आहेत ना?’ असं विचारतं. मधुमेहाचा रुग्ण साखर विचारतो, शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या मुलाची आई शेंगदाणे विचारते. मग आपणच का लाजावं?

आम्ही विचारलं, साध्या आवाजात. वेटरला ठाऊक नव्हतं, पण त्यानं तसं प्रामाणिकपणे सांगितलं आणि आतून मुख्य स्वयंपाक्याला बोलावून आणलं. तो तिशीतला तरुण होता. म्हणाला, “मॅडम, चिकन आणि मटण हलालच येतं, पुरवठादाराचं पत्र आहे, दाखवतो. टेंडरलॉइन मात्र गोठवलेलं बाहेरून खोक्यात येतं. त्याचं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि मशरूम सॉस सोडून बाकी दोन सॉसमध्ये वाइन आहे. तुम्हाला नको असेल तर मी साधा मिरीचा सॉस करून देतो, तवाही वेगळा घेतो.”

वाइनचं तर आमच्या मनातही आलं नव्हतं. त्यानंच आपणहून सांगितलं. पाश्चात्त्य पद्धतीच्या स्टेक सॉसमध्ये रेड वाइन हा नेहमीचा पदार्थ आहे. मांस हलाल असूनही ताट आपल्यासाठी योग्य नाही, असं त्यामुळे होऊ शकतं. धाकटी मग स्वतःच त्याला विचारू लागली, की पुडिंगमध्ये जिलेटिन आहे का आणि ते कशाचं. तो हसला आणि आत जाऊन डबा पाहून आला.

ताट आलं तेव्हा थोरल्याला आणखी एक शंका. मटणाचा काप आतून गुलाबी होता आणि बशीत लालसर पाणी उतरलं होतं. “हे रक्त आहे, मी खाणार नाही,” म्हणाला. हे पुष्कळांना वाटतं, म्हणून सांगून ठेवतो. जबह करताना वाहून जातं ते रक्त. कापलेल्या मांसातून जे लालसर पाणी सुटतं त्यात मुख्यतः पाणी आणि मायोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं. स्नायूंमध्ये प्राणवायू साठवणं हे त्याचं काम, आणि मांसाचा लाल रंग त्याचाच. उष्णता वाढली की तो तपकिरी होतो. तरीही कच्चट खायला मन घेत नसेल तर ‘वेल डन’, म्हणजे पूर्ण शिजवून, असं आधीच सांगावं. लहान मुलं, गरोदर बायका आणि वयस्कर यांच्यासाठी तर पूर्ण शिजवलेलंच चांगलं. खिम्याचा स्टेक किंवा बर्गर असेल तर तो कुणीच आतून कच्चा खाऊ नये.

आता त्या ‘टेंडरलॉइन’बद्दल. मेनूकार्डावर भाजीचं गाव लिहिलं होतं, पण या मांसाचं गाव नव्हतं, जनावराचं नावसुद्धा नव्हतं. आपल्या कसायाच्या भाषेत हा अंडरकट, पाठीच्या कण्याखालचा सगळ्यात मऊ भाग. महाराष्ट्रात 2015 पासून गायीबरोबर बैल आणि वळू कापायलाही बंदी आहे. म्हैसवर्गीय जनावरांना ती बंदी लागू नाही, मात्र सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. म्हणून राज्यातल्या हॉटेलांत टेंडरलॉइन लिहिलेलं असलं तर ते बहुधा म्हशीचं असतं. पण ‘बहुधा’वर समाधान मानायचं कारण नाही. कुठलं जनावर, हे विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

आणि इथंच शेत ते टेबल या गोष्टीतला मधला तुकडा गळून पडलेला दिसतो. आपल्या भागातली पंढरपुरी म्हैस घ्या. खांद्याच्या मागे जाणारी तलवारीसारखी लांब शिंगं, कमी वैरणीवर भागवणारी, सोलापूर-सांगली-कोल्हापूरच्या गोठ्यांचा आधार. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरकर आपल्या म्हशींना सजवून रस्त्यावर मिरवतात, इतका त्यांचा जिव्हाळा. पण म्हैस आटली, भाकड झाली की तिला पोसणं लहान शेतकऱ्याला परवडत नाही. तो ती बाजारात विकतो आणि त्या पैशांत थोडी भर घालून दुभती म्हैस आणतो. 1963 साली स्थापन झालेल्या ‘गोकुळ’सारख्या संघाला रोज दूध घालणारी जी हजारो घरं आहेत, त्यांतल्या अनेकांचं गणित या खरेदी-विक्रीवर चालतं. जनावर विकत घेणारा व्यापारी बहुतेक वेळा कुरेशी समाजातला.

2025 च्या पावसाळ्यात राज्यातल्या कुरेशी व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदी बंद ठेवली. कायदेशीर जनावरं नेतानाही गाड्या अडवल्या जातात, मारहाण होते, ही त्यांची तक्रार होती. अनेक ठिकाणचे जनावरांचे बाजार ओस पडले आणि झळ पोचली ती शेतकऱ्याला. भाकड जनावर विकलं जाईना, दुभतं घ्यायला पैसा येईना. धर्मानं हिंदू असलेल्या शेतकऱ्याचा आणि मुसलमान व्यापाऱ्याचा संसार एकाच दाव्याला कसा बांधलेला आहे, हे त्या काही आठवड्यांत कळलं. मेनूकार्डावर शेताचं नाव मोठ्या अक्षरांत येतं. जनावर वाढवणारा धनगर, गाडी चालवणारा, पहाटे उठून जबह करणारा खाटीक किंवा कुरेशी यांची नावं येत नाहीत. त्यांच्याशिवाय शेतातलं जनावर टेबलापर्यंत चालत येत नाही.

आपल्या दख्खनच्या गावगाड्यात हा माणूस अदृश्य नव्हता. मुलाणी हा गावचा बलुतेदार. जत्रेत, लग्नकार्यात बकरं कापायचं असलं की त्याला बोलावणं जाई, तो जबह करी आणि त्याचा ठरलेला वाटा त्याला मिळे. जेवणारं गाव बहुतांश हिंदूच असे. आजही पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक खेड्यांत ही रीत चालू आहे. त्यामुळे ‘कुणी कापलं?’ हा प्रश्न काही कालपरवा बाहेरून आलेला नाही. तो आपल्या मातीतला आहे आणि त्याचं उत्तर गावानं मिळून ठरवलेलं होतं.

कोल्हापुरात हॉटेलच्या टेबलाचा विषय निघाला की गंगाराम कांबळे यांची आठवण निघतेच. छत्रपती शाहू महाराजांच्या पागेतले ते नोकर. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना नोकरीऐवजी स्वतःचा धंदा काढायला सांगून मदत दिली. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ नावाचं चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा म्हणून कुणी फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजू लागले. ज्या शहरात राजानं टेबलावरची शिवाशिव मोडली, त्या शहरातल्या हॉटेलात आपल्या लेकरानं एक साधा प्रश्न विचारताना खाली मान घालावी, हे आम्हाला पटत नाही.

इस्लामनं खाण्याच्या बाबतीत हलालच्या बरोबरीनं ‘तय्यब’ हाही शब्द दिला आहे. तय्यब म्हणजे स्वच्छ, चांगलं, मनाला निर्मळ वाटणारं. कुरआनात सूरह बकरामध्ये (आयत 168) हे दोन्ही शब्द जोडीनं येतात. जनावराला वाढवताना आणि कापताना त्याचे हाल होऊ नयेत, सुरी धारदार असावी, ही शिकवण हदीसमध्ये आहे. म्हणून आपले प्रश्न ‘हलाल का?’ या एका शब्दावर संपू नयेत. जनावराला काय खाऊ घातलं, मांस किती दिवस गोठवलं होतं, शेतकऱ्याला भाव नीट मिळाला का, हेही विचारता येतं. मसल्याबद्दल शंका असेल तर आपापल्या आलिमांना विचारावं. हॉटेलवाल्याशी वाद घालायची गरज नाही. तो म्हणाला ‘माहीत नाही’, तर शुक्रिया म्हणावं आणि दुसरं काही मागवावं.

आता पैशांचं बोलू. भाच्याच्या बिलात एका स्टेकची किंमत आमच्या घरच्या दीड किलो मटणाएवढी निघाली. आनंदाच्या दिवशी ऐपत असेल तर खर्च करायला हरकत नाही, मेहमाननवाजी आपल्याकडे मानाची गोष्ट आहे. मात्र खाताना इसराफ, म्हणजे उधळपट्टी, होऊ नये, याची ताकीद सूरह आराफमध्ये (आयत 31) आहे. अशा ठिकाणी सहा जणांना सहा स्टेक लागत नाहीत. आम्ही तीन मागवले, वाटून खाल्ले, सोबत भात आणि भाज्या घेतल्या. उरलेलं बांधून घेतलं. बांधून मागायलाही काही जणांना संकोच वाटतो. तो झटकून टाकावा. पैसे दिलेलं अन्न कचऱ्यात जाणं ही जास्त संकोचाची गोष्ट आहे.

बिल वाचूनच द्यावं. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर असतं, तिथल्या जेवणावर साधारणपणे 18 टक्के जीएसटी लागतो, नेहमीच्या हॉटेलांत 5 टक्के. सहा माणसांच्या बिलात हा फरक चांगलाच जाणवतो, म्हणून जाण्याआधी फोनवर विचारून घ्यावं. ‘सर्व्हिस चार्ज’ मात्र कर नाही. तो हॉटेलनं आपोआप बिलात घालू नये, अशा सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्ये काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये त्या कायम ठेवल्या. तो काढून टाका असं नम्रपणे सांगता येतं. वाढणाऱ्या मुलाला खुशीनं काही द्यायचं ते त्याच्या हातात द्यावं.

घरातल्या मुला-मुलींना हॉटेलात नेण्यापूर्वी चार प्रश्न पाठ करून द्यावेत: मांस कुठल्या जनावराचं? जबह कुणी आणि कसं केलं, त्याचा काही कागद आहे का? सॉसमध्ये किंवा गोड पदार्थात दारू, जिलेटिन वगैरे आहे का? तवा आणि चिमटे वेगळे मिळतील का? प्रश्न मुलांनीच विचारावेत, आणि तेही वेटरकडे बघून, हसून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. उत्तर मिळालं की शुक्रिया म्हणायला विसरू नये. ज्या मुलीला पंधराव्या वर्षी जेवणाच्या टेबलावर आपली गरज नीट सांगता येते, तिला पुढे बँकेत, दवाखान्यात, नोकरीच्या मुलाखतीतही आपली बाजू मांडता येते. आम्ही वर्गात इतकी वर्षं हेच पाहत आलो आहोत.

आमच्या धाकटीनं दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला फोनवर काय सांगितलं, ते कानावर पडलं. स्टेक ठीकठाक होता, आपले पसंदे जास्त भारी. पण तो स्वयंपाकी दादा फार चांगला होता, सगळं सांगत होता. पुढच्या महिन्यात त्या मैत्रिणीचा वाढदिवस आहे. दोघी मिळून कुठल्या हॉटेलात जायचं ते ठरवत होत्या, आणि आधी फोन करून काय काय विचारायचं त्याची यादी धाकटी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेत होती.